मेट्रोत डोळे उडतात म्हणजे नसा कमजोर? नाही हो!

नागपुरात सध्या एक मेसेज फिरतोय: मेट्रोच्या खिडकीतून बाहेर बघणाऱ्याचे डोळे झटके खात असतील तर त्याच्या मेंदूच्या नसा कमजोर आहेत. माझ्या मावशीने तर घाबरून मेट्रोत डोळे मिटून बसणं सुरू केलं.

उलट, झटके बसतात म्हणजे यंत्रणा चालू आहे. बर्डीहून निघालेल्या गाडीत खिडकीशी बसलेल्या माणसाचे डोळे नीट बघा. एखाद्या इमारतीबरोबर ते हळूहळू मागे सरकतात, मग टचकन पुढे येऊन नवी इमारत धरतात. परत तेच. याला ऑप्टोकायनेटिक निस्टॅग्मस म्हणतात. जुनं नाव 'रेल्वे निस्टॅग्मस', म्हणजे बघा किती जुनी गोष्ट.

यामागच्या काही पेशी दिशा पाहून पेटतात. दृश्य उजवीकडे सरकलं की जोरात संदेश देणारी पेशी, डावीकडे सरकलं की जवळजवळ गप्प. मेंदूच्या हालचाल टिपणाऱ्या 'एमटी' नावाच्या भागात अशा पेशी भरपूर आहेत. मेंदूच्या खोडाजवळच्या एका केंद्रात उजव्या बाजूच्या पेशी उजवीकडच्या हालचालीला, डाव्या बाजूच्या डावीकडच्या हालचालीला दाद देतात. त्यांच्या संदेशावर डोळ्यांचे स्नायू हलतात, म्हणून दृश्य पुसट होत नाही. पुढचा झटका देणाऱ्या पेशी मात्र वेगळ्या.

घरी स्थिर भिंतीकडे बघतानाही डोळे असेच उडत असतील, तर डॉक्टरांना दाखवा. मेट्रोत खुशाल बाहेर बघा. मावशीलाही तेच सांगितलंय.