दिवाळं गावात, दिवा ओमाहात

दिवाळं या शब्दामागे एक जुनी रीत सांगतात. पेढी बुडाली की पेढीवाला भर दुपारी दारात दिवा लावून बसायचा. येणाऱ्याने काय ते समजायचं आणि निमूट परत जायचं. अर्ज नाही, फी नाही, पासवर्ड नाही. अमेरिकेतही दिवाळखोरीची नोंद अशीच जाहीर असते, कोणीही बघावी. फक्त तिथे दिवा माणसाच्या दारात लावत नाहीत, तीनशे मैलांवर लावतात आणि त्याच्या उजेडाचे पानामागे दहा सेंट घेतात.

नेब्रास्का राज्यातली चेरी काउंटी घ्या. क्षेत्रफळ जवळपास आपल्या पुणे जिल्ह्याएवढं आणि वस्ती साडेपाच हजारांच्या आसपास. कोथरूडच्या चार-पाच सोसायट्यांतली माणसं मुळशीपासून इंदापूरपर्यंत पसरून बसवली तर जे दिसेल ते. बाकी वाळूच्या टेकड्या, गवत आणि गुरं. मुख्य गावाचं नाव व्हॅलेंटाइन, पण आपलं काम प्रेमाचं नाही, उधारीचं आहे. गवताचे गठ्ठे ज्याला उधारीवर दिले त्याने दिवाळं काढलंय म्हणतात, ते खरं का? भर म्हणून या काउंटीच्या पूर्वेला आणि पश्चिमेला घड्याळात एक तासाचा फरक आहे. ‘कचेरी किती वाजता उघडते’ याच्याही आधी ‘कुणाच्या नऊ वाजता’ हे विचारावं लागतं.

मराठी माणसाचे पाय अशा वेळी आपोआप तहसीलकडे वळतात, तसे इथे काउंटीच्या कोर्टाकडे वळतात. तिथल्या बाई अगदी सौजन्याने सांगतात की ते आमच्याकडे नसतं. खरंच नसतं. दिवाळखोरी हा संघराज्याचा विषय, थेट राज्यघटनेतून आलेला. देशात संघीय न्यायालयांचे ९४ जिल्हे आहेत आणि अख्खं नेब्रास्का मिळून त्यातला एक. दिवाळखोरी न्यायालयाच्या कचेऱ्या ओमाहा आणि लिंकनला. तिथे जनतेसाठी ठेवलेल्या संगणकावर कागद फुकट बघता येतात, छापून घेतले तरच पानाला दहा सेंट. पण येऊन-जाऊन सहाशे मैलांच्या डिझेलमध्ये ती फुकटेगिरी बुडते. काउंटीतल्या बाईंशी मात्र भांडू नका. शेवटी त्यांच्याकडेच यायचं आहे.

माझ्या मते सुरुवात फोनने करावी. १-८६६-२२२-८०२९ हा न्यायालयांचा यांत्रिक आवाज आहे. अहोरात्र चालू आणि फुकट. राज्य सांगायचं, नाव सांगायचं, की तो केस नंबर, कोणतं चॅप्टर (म्हणजे दिवाळखोरी कायद्यातलं कोणतं प्रकरण), दाखल तारीख, वकील, ट्रस्टी (केसवर देखरेखीला नेमलेला माणूस) आणि सद्यःस्थिती वाचून दाखवतो. कागद दाखवत नाही, पण केस आहे की गावगप्पा एवढं दहा मिनिटांत कळतं.

कागद हवे असतील तर पेसर. हे न्यायालयांच्या कागदपत्रांचं सरकारी संकेतस्थळ. खातं उघडणं फुकट; मात्र कार्डाचा नंबर दिला नाही तर खातं चालू करायचा कोड चक्क टपालाने येतो. यापुढचा हिशेब नीट वाचा, कारण इथे भलेभले हुशार फसतात. पानाला दहा सेंट, पण एका कागदपत्राला तीन डॉलरच्या वर नाही, म्हणजे तिसाव्या पानानंतर फुकट. ही मर्यादा नावाच्या शोधाला मात्र लागू नाही. नुसतं आडनाव टाकलंत की देशभरातले त्या आडनावाचे सगळे कर्जबाजारी एकदम हजर होतात आणि त्या यादीच्या प्रत्येक पानाचे दहा सेंट लागतात. ‘असं कोणी सापडलं नाही’ हे कळायलाही दहा सेंट. तोच कागद पुन्हा उघडला तर पुन्हा पैसे, म्हणून पहिल्याच वेळी उतरवून ठेवा. तिमाहीचं बिल तीस डॉलरपर्यंत असेल तर माफ. पण तीस डॉलर दहा सेंट झाले तर फक्त वरचे दहा सेंट नाही, सगळेच भरायचे. तीनशेव्या पानावर हात आखडता घेणं ही कला आहे आणि ती आपल्या रक्तात असावी. शिवाय पेसरची इंग्रजी अक्षरं उलटी लावून नाव ठेवलेलं ‘रीकॅप’ नावाचं एक प्रकरण आहे: कोणीतरी आधी पैसे भरून उतरवलेले कागद तिथे फुकट मिळतात. आधी तिथे डोकवावं. दुसऱ्याच्या खर्चाने वाचलेल्या कागदाची गोडी वेगळीच.

शोधताना राज्य आणि पूर्ण नाव दोन्ही टाका. देशव्यापी सूची रात्रीतून ताजी होते, त्यामुळे आज दाखल झालेली केस त्यात आजच दिसेल अशी आशा नको. त्यासाठी थेट त्या न्यायालयीन जिल्ह्याच्या यादीत शिरावं. नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असंही नाही. पत्ता आणि सोशल सिक्युरिटी नंबरचे शेवटचे चार आकडे ताडून बघा. जाहीर कागदांवर तेवढेच चार ठेवतात. आणि माणूस सापडलाच नाही तर त्याच्या शेतीच्या कंपनीचं नाव टाका. गुरं कंपनीची, कर्ज कंपनीचं, आणि गावात बदनामी तेवढी माणसाची, असं पुष्कळदा असतं. पेसरच्या आधीच्या काळातली केस असेल तर ती कुठल्या तरी सरकारी गोदामात खोक्यात असते. नावाचा शोध क्लार्ककडून करून घ्यायला तीस डॉलरच्या वर आणि खोकं मागवायला त्याहून जास्त. उधारी तेवढी मोठी आहे का, हे आधी बघावं.

केस उघडली की चॅप्टरचा आकडा बघायचा. ७ म्हणजे विकण्यासारखं असेल ते विकून वाटणी. १३ म्हणजे नियमित कमाई असलेल्याने तीन ते पाच वर्षं हप्ते फेडणं. ग्रामीण भागातला खरा मानकरी १२, फक्त शेतकरी आणि मच्छीमार कुटुंबांसाठी. शेतीवरच्या अरिष्टात १९८६ साली हे तात्पुरतं म्हणून आणलं, पुन्हा पुन्हा मुदतवाढ दिली आणि २००५ साली कायम केलं. हंगामी कामगार एकोणीस वर्षांनी कायम झाल्याचं आणखी कोणतं उदाहरण मला तरी आठवत नाही. यात शेतकऱ्याला साधारण ९० दिवसांत फेडीची योजना द्यावी लागते. तुमच्या गवताचे पैसे किती आणि कधी, ते त्या योजनेत असतं, अर्जात नाही.

अर्जाचा, म्हणजे दस्त क्रमांक एकचा, मोह आवरा. घाईच्या केसमध्ये तो नुसता सांगाडा असतो. मालमत्ता-कर्जाच्या याद्या नंतर १४ दिवसांत वेगळ्या क्रमांकाने येतात. मध्येच ‘३४१’ दिसेल. भारतीय दंड संहितेत ३४१ म्हणजे एखाद्याची वाट अडवणं होतं, म्हणून दचकू नका. ही धनकोंची सभा. ट्रस्टी शपथेवर प्रश्न विचारतो, तुम्हीही विचारू शकता, आणि न्यायाधीशाला तिथे यायला कायद्यानेच बंदी आहे.

सगळ्यात जास्त घोळ शेवटच्या नोंदीत होतो. डिस्चार्ज, डिसमिस्ड, क्लोज्ड. डिस्चार्ज म्हणजे दवाखान्यातला समजा: माणूस बरा होऊन घरी गेला, माफ झालेल्या कर्जासाठी आता त्याच्यामागे लागता येत नाही. डिसमिस्ड म्हणजे केसच काढून टाकली, कर्ज जसंच्या तसं, तुम्ही परत दारात उभे राहू शकता. आणि क्लोज्ड म्हणजे फक्त फाइल कपाटात गेली. बरा होऊन गेला की तसाच गेला, ते वरच्या नोंदींत शोधायचं. ‘केस क्लोज झाली, म्हणजे सुटला बघा’ असं चहाच्या टपरीवर छातीठोक सांगणाऱ्याने यातलं एकही पान उघडलेलं नसतं. आणि डिस्चार्ज मिळाला तरी जमिनीवरचा बोजा आपोआप उतरत नाही. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात बसावा तसा तो काउंटीच्या दप्तरात बसून राहतो. म्हणून म्हटलं, बाईंशी भांडू नका.

राहिल्या याद्या. कर्ज शोधायचं तर तारणवाल्यांची ‘डी’ आणि बिनतारणवाल्यांची ‘ई-एफ’. तुमचं गवत बहुधा ‘ई-एफ’मध्ये, क्रेडिट कार्डांच्या गर्दीत. मालमत्तेची ‘ए-बी’ मात्र सावकाश वाचावी. व्यक्तीच्या फॉर्ममध्ये ओळ ४७ ला शेतीची जनावरं: गुरं, कोंबड्या, पाळलेले मासे. ओळ १३ ला बिगरशेती जनावरं: कुत्री, मांजरं, पक्षी आणि घोडे. आता घोड्यावर बसून गुरं हाकणाऱ्याने आपला घोडा मांजराशेजारी लिहायचा की बैलाशेजारी, हे फॉर्म करणाऱ्याने ठरवलेलं दिसत नाही. म्हणून दोन्ही ओळी बघा. किंमत कर्जदाराच्या स्वतःच्या अंदाजाची असते. आर्थिक व्यवहारांच्या निवेदनात तर गेल्या वर्षभरात चोरी, आग, आपत्ती किंवा जुगार यांत काय गमावलं, हे एकाच प्रश्नात विचारलंय. शेती कुठे मोडते ते मात्र सांगितलेलं नाही.

मग महिन्याच्या खर्चाची यादी ‘जे’. किराणा, कपडे, पुस्तकं-मासिकं, देवधर्म, सगळं ओळीओळीने. शेवटून पहिली, २४ वी ओळ विचारते: येत्या वर्षात तुमचा खर्च वाढेल किंवा कमी होईल असं वाटतं का? ‘हो’ म्हटलं तर कारण लिहायला एक चौकोन दिलाय. शेतकऱ्याने त्यात नुसतं ‘पाऊस’ लिहिलं, तरी ते शपथेवर खरं ठरेल.