सुई की बाटली?

धाकट्या भावाचा नाशिकहून फोन आला तेव्हा त्याच्या घरात दोन तट पडलेले होते. त्याचा बी-१२ जीवनसत्त्वाचा रिपोर्ट १४०, म्हणजे कमी आला होता आणि रात्री तळपायांना मुंग्या येत होत्या. भावजय म्हणत होती, नेहमीच्या डॉक्टरांकडून एक दिवसाआड इंजेक्शन घ्या. भाचा म्हणत होता, इंजेक्शनं जुनी झाली, आता ड्रिप घेतात. त्याने एका क्लिनिकचं पॅकेजही शोधून ठेवलं होतं. बी-१२, क जीवनसत्त्व आणि चेहरा उजळायला म्हणून विकलं जाणारं ग्लुटाथायोन एकाच बाटलीत, तासभर खुर्चीत बसायचं, "थेट रक्तात जातं, शंभर टक्के लागू पडतं." शेवटी भाऊ म्हणाला, "ताई, तू तिकडे इतकी वर्षं इंजेक्शन घेतेस. तूच सांग."

असे फोन मला हल्ली वरचेवर येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहते. बी-१२ शोषून घ्यायला लागणारं इंट्रिन्सिक फॅक्टर नावाचं प्रथिन माझ्या जठरात तयार होत नाही, त्यामुळे दूध-दही कितीही खाल्लं तरी त्यातलं बी-१२ अंगी लागत नाही. दर तीन महिन्यांनी नर्स काचेची इवलीशी अँप्यूल उजेडात धरून तारीख वाचते, तिची मान मोडते आणि आतला एक मिलिलिटर द्रव सिरिंजमध्ये ओढून दंडात टोचते. डाळिंब पिळावं तसा लाल रंग. थोडं चुरचुरतं, आणि बाही खाली करेपर्यंत काम संपलेलं असतं. त्यात १ मिलिग्रॅम हायड्रॉक्सोकोबालामिन, म्हणजे बी-१२चाच एक प्रकार असतो. इतक्या वर्षांत इथल्या कुठल्याही डॉक्टरने मला बाटली लावायचं नाव काढलेलं नाही.

जाहिरातीतले ते "शंभर टक्के" गोळीच्या तुलनेत आहेत, सुईच्या नाही. स्नायूत टोचलेलं बी-१२सुद्धा जवळजवळ सगळंच रक्तात पोचतं, फक्त जरा सावकाश. शिवाय बी-१२ला रक्तातून पेशींपर्यंत नेणारी प्रथिनं मोजकीच असतात. ती भरली की उरलेलं मूत्रपिंडं बाहेर टाकतात. अमेरिकेत सायनोकोबालामिन या बी-१२च्या दुसऱ्या प्रकाराच्या इंजेक्शनसोबत जो माहितीचा कागद येतो त्यावर हे स्पष्ट छापलेलं असतं: शिरेतून देणं टाळा, तसं दिल्यास जवळजवळ सगळं जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जाईल. हे वाचल्यावर त्याच जीवनसत्त्वाची बाटली लावून पैसे घेणाऱ्यांचा मला राग येतो.

जपानमध्ये मिथिलकोबालामिन हा बी-१२चा तिसरा प्रकार शिरेतूनही देतात, हे खरं. पण ते मज्जातंतूंच्या विकारासाठी दिलेलं ५०० मायक्रोग्रॅमचं छोटं इंजेक्शन असतं. आणि माझंच हायड्रॉक्सोकोबालामिन शिरेतून द्यावं लागतं ते आगीच्या धुराने सायनाइडची विषबाधा झालेल्यांना. त्यांना एका वेळी ५ ग्रॅम देतात, माझ्या डोसच्या पाच हजार पट, आणि तेही शिरेतून, कारण तिथे एकेक मिनिट मोलाचं असतं. खुर्चीत निवांत बसलेल्या माणसाला ती घाई नसते.

मग बाटलीत असतं काय? अर्धा लिटर नॉर्मल सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना अख्ख्या दिवसात पाच ग्रॅमच्या आत राहायला सांगते. पाच टक्के ग्लुकोजची बाटली असेल तर २५ ग्रॅम साखर, म्हणजे १०० कॅलरी. हृदय किंवा मूत्रपिंड अधू असेल तर एवढं पाणीही जड जातं, आणि हयगयीने लावलेल्या सुईतून जंतू थेट रक्तात शिरतात.

माझ्या आजोळच्या बाया "सलाईन लावली" म्हटलं की औषधपाणी झालं असं समजत. त्या बायांना मी नावं ठेवणार नाही. शेतातून येऊन तासभर पडायला मिळणं, कुणीतरी मनगट हातात धरून बघणं, हेच त्यांना एरवी मिळत नव्हतं. आज शहरातलं क्लिनिक तीच भूक ओळखून पॅकेज विकतं आहे.

इथलं सगळं छान आहे असं मात्र नाही. ब्रिटनमध्ये बी-१२चं इंजेक्शन डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. दहाव्या आठवड्यातच जीभ सोलवटायला लागते, पाय जड होतात, तरी तारीख पुढचीच. २०२०मध्ये कोविडच्या काळात अनेक दवाखान्यांनी ही इंजेक्शनं थांबवून लोकांना गोळ्यांवर ठेवलं. मलाही दोन वेळा परत पाठवलं, आणि तो उन्हाळा मी भिंतीला धरून जिने चढत काढला. नाशिकला भावाने सकाळी सातला घरी माणूस बोलावून रक्त दिलं आणि संध्याकाळी रिपोर्ट फोनवर आला. ती सोय मला इथे हवी आहे.

पण त्या सोयीत एक प्रश्न राहून जातो, आणि भावाच्या घरातही तो कुणी विचारला नव्हता: बी-१२ कमी झालं कशाने? पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटाने २००६मध्ये पुण्याच्या परिसरातल्या पुरुषांची तपासणी प्रसिद्ध केली. दर तिघांतल्या दोघांचं बी-१२ कमी निघालं, शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांचं. शाकाहार हे मोठं कारण. भाऊ शाकाहारी आहेच, वर सहा वर्षं मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेतो, आणि मेटफॉर्मिनने बी-१२चं शोषण कमी होतं.

मी त्याला म्हटलं, मुंग्या येतायत, तर आत्ता तुझ्या बायकोचंच ऐक. मज्जातंतूंना त्रास असेल तर इथेही सुरुवातीला एक दिवसाआडच टोचतात. मात्र पहिली सुई घेण्याआधी डॉक्टरांना मेटफॉर्मिनचं सांग, आणि शरीरच इंट्रिन्सिक फॅक्टरवर उलटलंय का हे दाखवणारी अँटिबॉडीची तपासणी करायची का तेही विचार. जठर ठीक असेल तर पुढे रोजच्या १००० मायक्रोग्रॅमच्या गोळीवरही भागू शकेल. त्यातलं साधारण एक टक्का त्या प्रथिनाशिवायही आत झिरपतं, आणि दिवसाची गरज जेमतेम दोन मायक्रोग्रॅमची असते. माझ्यासारखं निघालं तर मग बहुधा जन्मभर सुई, आणि तिची सवय होते.

भाचा मागून म्हणाला, "आत्या, मग ग्लुटाथायोनचं काय?" त्याला विचारलं, तुला काय होतंय? म्हणाला, काही नाही, मित्राच्या लग्नाआधी चेहरा उजळावा म्हणून. त्याला मी शिरेत सुई घेऊ नकोस म्हणून सांगितलं, आणि फोन परत त्याच्या बाबांकडे द्यायला लावला.