क्रिटिकल इलनेस पॉलिसी घेताना आजार मोजू नका, व्याख्या वाचा

क्रिटिकल इलनेस पॉलिसी म्हणजे यादीतला गंभीर आजार झाला की एकरकमी पैसे देणारा विमा. एक एजंट सांगतो आमच्याकडे ३६ आजार, दुसरा सांगतो ६४. आपण ६४ वाली पॉलिसी घेतो आणि निर्धास्त होतो. पण क्लेम आजाराच्या नावावर मिळत नाही. त्या नावाखाली बारीक अक्षरात जी व्याख्या छापलेली असते, तिच्यात बसलं तरच पैसे मिळतात. ही व्याख्या वाचल्याशिवाय कृपया सही करू नका.

सगळ्यात जास्त मनस्ताप हृदयाच्या बाबतीत होतो. छातीत दुखलं, अँजिओग्राफी झाली, दोन ब्लॉक निघाले, अँजिओप्लास्टी करून स्टेंट टाकले. बिल मेडिक्लेममधून गेलं. आता क्रिटिकल इलनेसचे १० लाखही येतील असं घरचे धरून चालतात, आणि नकाराचं पत्र येतं. विमा नियामक आयआरडीएआयने प्रमुख गंभीर आजारांच्या व्याख्या सगळ्या कंपन्यांसाठी एकसारख्या ठरवून दिल्या आहेत. त्यातल्या बायपासच्या व्याख्येत अँजिओप्लास्टी स्पष्ट शब्दांत वगळली आहे. हार्ट अटॅकच्या व्याख्येत अंजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून होणारं छातीतलं दुखणं, बसत नाही. काही पॉलिसी अँजिओप्लास्टीसाठी विमा रकमेचा थोडा हिस्सा देतात, तोही कमाल मर्यादा घालून. आपल्या पॉलिसीत ती ओळ आहे का, ते घेतानाच पाहा.

मात्र इथे एक गोष्ट अनेकांच्या हातून निसटते. खरोखर हार्ट अटॅक येऊन गेला असेल, तर नंतर अँजिओप्लास्टी केली म्हणून क्लेम जात नाही. तो हार्ट अटॅकच्या कलमाखाली मागायचा असतो. त्यासाठी तीन पुरावे लागतात: अटॅकची ठरावीक लक्षणं, ईसीजीतले नवे बदल आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिन किंवा तत्सम घटक. पहिला ईसीजी बहुधा तालुक्याच्या लहान दवाखान्यात निघतो, पेशंटला तिथून मोठ्या हॉस्पिटलात हलवतात आणि तो कागद मागेच राहतो. तो परत जाऊन आणा. थर्मल कागदावरची शाई उडते, म्हणून त्याच दिवशी फोटो आणि झेरॉक्स काढा.

कॅन्सरच्या व्याख्येतही असेच कप्पे आहेत. जागच्या जागी असलेला, आजूबाजूच्या पेशींत न शिरलेला कॅन्सर, म्हणजे कार्सिनोमा इन सिटू, त्यात धरत नाहीत. मॅमोग्राफीत अगदी लवकर सापडलेला स्तनाचा कॅन्सर कधीकधी याच प्रकारचा असतो. थायरॉइडचा टी१ एन० एम० टप्प्याचा, म्हणजे लहान आणि इतरत्र न पसरलेला कॅन्सर वगळलेला आहे. प्रोस्टेटमध्ये ग्लीसन स्कोअर (कॅन्सर किती आक्रमक आहे ते सांगणारा बायोप्सीतला आकडा) ६ च्या वर हवा किंवा गाठ किमान टी२ या पुढच्या टप्प्यापर्यंत पोचलेली हवी. वेळेवर तपासणी करून घेणाऱ्यालाच पैसे नाकारले जावेत, हे मला मनापासून खटकतं. म्हणून सुरुवातीच्या टप्प्यालाही ठरावीक टक्के रक्कम देणारी पॉलिसी थोडा जास्त हप्ता भरून घ्यावी, विशेषतः स्त्रियांनी, असं माझं ठाम मत आहे.

बाकीचं थोडक्यात. पक्षाघातात मज्जासंस्थेचं कायमचं नुकसान किमान ३ महिने टिकल्याचा पुरावा लागतो, काही तासांत ओसरलेला झटका चालत नाही. किडनीत दोन्ही किडन्या कायमच्या निकामी होऊन नियमित डायलिसिस किंवा प्रत्यारोपण लागलेलं हवं. कोमात पेशंटने सलग किमान ९६ तास कशालाच प्रतिसाद दिलेला नसावा आणि जीवरक्षक यंत्रणा लागलेली हवी.

मग इतक्या अटी असूनही ही पॉलिसी घ्यायची कशाला? कारण आजारपण हॉस्पिटलच्या बिलापाशी थांबत नाही. ही कल्पना १९८३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत मारियस बर्नार्ड या हृदयशल्यविशारदाने पुढे आणली. उपचारांनी वाचलेले पेशंट नंतर पैशांपायी खचतात, हे त्यांनी पाहिलं होतं. आपल्याकडेही तेच आहे. मेडिक्लेम किंवा महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे ५ लाख हॉस्पिटलचं बिल भागवतात. परळला टाटा हॉस्पिटलजवळ महिनोन्‌महिने राहायचं भाडं, सोबत थांबणाऱ्याचा बुडालेला पगार, घराचा हप्ता, मुलांची फी यांतून मिळत नाही. क्रिटिकल इलनेसची रक्कम एकरकमी हातात येते आणि कशावर खर्च केली ते कंपनी विचारत नाही. मेडिक्लेमने बिल भरलं असलं तरी ही रक्कम वेगळी मिळते. पण ही मेडिक्लेमच्या जागी घ्यायची पॉलिसी नव्हे. डेंग्यू, अपेंडिक्स, मोडलेला पाय यांत ती एक रुपयाही देत नाही.

किती रकमेची घ्यावी? पगाराच्या पटीत काढू नका, घरखर्चावरून काढा. घरखर्च महिना ४५ हजार आणि कर्जाचा हप्ता २२ हजार असेल तर ६७ हजार. दोन वर्षांचे होतात १६ लाख ८ हजार. मेडिक्लेममध्ये न बसणारी औषधं, प्रवास, मदतनीस यांसाठी ४ लाख धरले की साधारण २० लाख. कमावती व्यक्ती एकच असेल तर दोनऐवजी तीन वर्षं धरा. ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीवर हा हिशेब टेकवू नका, नोकरी सुटली की ती जाते.

टर्म इन्शुरन्सबरोबर (मृत्यू झाला तर घरच्यांना रक्कम देणारा विमा) रायडर म्हणून, म्हणजे त्याच पॉलिसीला जोडलेलं जादा कव्हर म्हणून घेत असाल तर एकच प्रश्न विचारा: ही रक्कम मृत्यूच्या कव्हरमधून वजा होणार का? ‘ॲक्सिलरेटेड’ रायडरमध्ये ती वजा होते. १ कोटीच्या टर्ममधून २५ लाख आजारपणात घेतले तर घरच्यांसाठी ७५ लाख उरतात. स्वतंत्र पॉलिसीत तसं होत नाही, पण तिचा हप्ता वयाबरोबर वाढत जातो. वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे, तेव्हा जुन्या कोटेशनवरून तुलना करू नका.

आता मुदती. बहुतेक पॉलिसींत पहिल्या ९० दिवसांत दिसलेल्या आजाराचा क्लेम मिळत नाही. सर्व्हायव्हल पीरियडही बघा. निदानानंतर पेशंट ठरावीक दिवस जगला पाहिजे अशी ती अट असते, अनेक ठिकाणी ३० दिवसांची. जितके दिवस कमी तितकं चांगलं. हार्ट अटॅकमध्ये हे दिवसच निर्णायक ठरतात.

प्रपोजल फॉर्म एजंटला भरू देऊ नका. बीपी, शुगर, तंबाखू, जुनं ऑपरेशन, सगळं स्वतःच्या हाताने लिहा. हप्ता वाढेल, वाढू द्या. ‘काही नाही असं लिहा, चालतं’ हा सल्ला पुढे क्लेमच बुडवतो. हॉस्पिटलच्या केस पेपरवरही लक्ष ठेवा. ॲडमिट करताना घाईत कोणीतरी ‘बीपी १० वर्षांपासून’ सांगतं, निवासी डॉक्टर तेच लिहितात आणि ते डिस्चार्ज कार्डवर उतरतं. खरं २ वर्षांपासून असेल तर डिस्चार्जआधीच डॉक्टरांकडून दुरुस्ती करून घ्या. आरोग्य विमा सलग ६० महिने चालू राहिला की माहिती लपवल्याचं कारण देऊन क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी.

पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत आवडली नाही तर परत करता येते. त्या दिवसांत व्याख्यांची पानं आपल्या फॅमिली डॉक्टरला दाखवा. ‘आपल्या घरात जे आजार आहेत ते यात बसतील का?’ एवढंच विचारा.

क्लेम नाकारला गेलाच तर फोनवरच्या उत्तरावर थांबू नका. कुठल्या कलमाखाली नाकारला ते लेखी मागा. मग कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे, म्हणजे ग्राहक आणि विमा कंपनीतले वाद सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. मुंबई आणि पुण्याला त्यांची कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं ते ऐकतात. मात्र कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत अर्ज पोचला पाहिजे.