गम्पॉक्स आला गं!

आज डोकं फिरलंय. मंडळी जेवायला आली होती. पानं वाढेपर्यंत म्हणून मी 'व्हिक अँड सेड' या जुन्या अमेरिकन रेडिओ मालिकेचा एक भाग लावला. दोन मिनिटं झाली नाहीत तोच एकजण म्हणाला, "अगं, यात काही घडतच नाहीये!" आणि बंद करून मोकळा झाला.

नाहीच घडत. मग? तुझ्या घरी रोज काय घडतं रे?

बाबा पहिल्यांदा इथे आले ते भर जानेवारीत. इलिनॉयची थंडी, बाहेर पाऊल टाकायची सोय नाही. उभा जन्म हिशेबाच्या वह्यांत गेलेला माणूस. म्हटलं, हे ऐका, यातला व्हिकही हिशेबनीसच आहे, भांड्यांच्या कंपनीत. आणि लिहिणारा पॉल ऱ्हायमर याच ब्लूमिंग्टनमध्ये वाढला. व्हिक, त्याची बायको सेड, दत्तक मुलगा रश. पंधरा मिनिटं घरात बसून गप्पा. सेलमधले छोटे टॉवेल, व्हिकच्या लॉजच्या (म्हणजे पुरुषांच्या क्लबच्या) भानगडी, कचरेवाला मिस्टर गम्पॉक्स. बाबांचा पहिला प्रश्न, "मागे हसणारी माणसं कुठायत?" नाहीत बाबा. कुठं हसायचं ते आपलं आपण बघायचं.

आठवड्याभरात कचऱ्याची गाडी आली की खिडकीतून हाक यायला लागली, "गम्पॉक्स आला गं!" अंघोळीला जाताना तोंडी 'रिशिगन फिशिगन, राहणार सिशिगन, मिशिगन'. (हे खरंच त्यातल्या एका माणसाचं नाव आहे.) आणि ही माणसं ऐकू येतच नाहीत हं, यांच्याबद्दल घरात नुसतं बोललं जातं. कितीतरी वर्षं त्या तिघांखेरीज चौथा आवाजच नव्हता. १९४० मध्ये व्हिकचं काम करणारा आर्ट व्हॅन हार्व्हे आजारी पडला, तेव्हा कुठे अंकल फ्लेचर घरात शिरले. तरी बाबांना गम्पॉक्स दिसायचा.

आवाज खरखरतो, मान्य. मध्येच क्रिस्को नावाच्या वनस्पती तुपाची जाहिरात घुसते. त्या गल्लीत आपल्यासारखं कुणी राहत नव्हतं, हेही मान्य. पुढे?

१९३२ पासून बारा वर्षं एकटा ऱ्हायमर हे लिहीत होता. साडेतीन हजारांच्या आसपास भाग. त्यातला दहावा हिस्सा आज जेमतेम ऐकायला मिळतो, बाकीच्या तबकड्या नष्ट केल्या. तेव्हाही कुणीतरी हेच म्हणालं असणार, यात काय आहे, टाका! माझा संताप होतो तो इथे.

असो. मित्र वाईट नाही. दोनदा आमटी घेतली, जाताना भांडीही घासून गेला.

रात्री बाबांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाले, "तुमच्याकडे उद्या सोमवार ना? कचऱ्याचा डबा बाहेर ठेवलास का?"

विसरले होते. आत्ता चपला घालून ठेवून आले.