धुराड्याला यंत्र लावून कोळशाची वीज स्वच्छ होत नाही

सध्या एक संदेश गटागटांतून फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: औष्णिक केंद्राच्या चिमणीला कार्बन पकडणारं यंत्र बसवा, कोळशाची वीज सौरविजेइतकीच स्वच्छ होते. तंत्रज्ञान सिद्ध झालेलं आहे, पकडलेला वायू विकून खर्च निघतो, उरलेला दख्खनच्या काळ्या खडकात कायमचा पुरता येतो. मग कोळसा सोडायचा कशाला? उद्या याच म्हणण्यावर नव्या संचांचं समर्थन होईल, म्हणून त्याला उत्तर द्यायला हवं.

‘तंत्रज्ञान सिद्ध झालंय.’ वायू पकडता येतो, हे खरंच आहे. थंड केलेला धूर अमाइन या रसायनाच्या द्रावणातून नेला की कार्बन डायऑक्साइड त्यात अडकतो. द्रावण १२० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवलं की तो सुटा होतो. घोडं पेंड खातं ते इथेच. तापवण्यासाठी लागणारी वाफ सहसा टर्बाइनच्या वाटणीतूनच काढली जाते, आणि सुटलेला वायू दाबायला पुन्हा वीज लागते. केंद्राची साधारण पाचवा ते चौथा हिस्सा वीज यातच खर्ची पडते. ती तूट भरायची तर जास्त कोळसा जाळायचा, आणि आपल्या कोळशात ३५-४० टक्के राख. कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखबंधारा जुलै २०२२ मध्ये फुटला आणि राखेचं पाणी शेतांत शिरलं. अशा बंधाऱ्यांत आणखी राख टाकून विजेला स्वच्छ म्हणायचं?

कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात बाउंड्री डॅम केंद्राचा ११५ मेगावॉटचा संच २०१४ मध्ये या यंत्रासह सुरू झाला. खर्च सुमारे दीडशे कोटी कॅनेडियन डॉलर. वर्षाला १० लाख टन वायू पकडायचा होता, पण प्रत्यक्षातला आकडा सतत त्याच्या खाली राहिला. ते केंद्र चालवणाऱ्या कंपनीनेच २०१८ मध्ये शेजारच्या दोन संचांना हे यंत्र न बसवण्याचा निर्णय घेतला. ज्यांना सर्वांत जास्त अनुभव होता, त्यांचा हा निर्णय आहे.

आपल्याकडे मध्य प्रदेशातल्या विंध्याचल केंद्रात एनटीपीसीचा पथदर्शी प्रकल्प २०२२ पासून आहे. क्षमता दिवसाला २० टन. ५०० मेगावॉटचा एक संच एवढा वायू तीन-चार मिनिटांत सोडतो.

‘सौरविजेइतकी स्वच्छ.’ नाही. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपविषयक आर्थिक आयोगाने खाणीपासून मोडीपर्यंतचा हिशेब मांडला आहे. त्यानुसार विजेच्या एका युनिटमागे हवेत जाणारे तापवणारे वायू, कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबात, असे: यंत्र लावलेल्या कोळशाचे १४७ ते ४६९ ग्रॅम, सौर पॅनेलचे ८ ते ८३ ग्रॅम. चिमणीतून निसटणारा वायू, खाणीतून सुटणारा मिथेन, वाहतूक, हे सगळं त्या आकड्यात येतं.

‘वायू विकून खर्च निघतो.’ टेक्सासमधल्या पेट्रा नोव्हा प्रकल्पाचा वायू जुन्या तेलविहिरीत सोडून उरलंसुरलं तेल काढलं जायचं. मे २०२० मध्ये तेलाचे भाव कोसळले आणि वायू पकडणं थांबलं. कोळशाचा संच मात्र चालूच राहिला. पकडण्याचं काम पुन्हा सुरू व्हायला सप्टेंबर २०२३ उजाडला. म्हणजे हवा स्वच्छ राहणार की नाही हे तेलाच्या भावावर ठरलं, आणि विकलेल्या वायूतून पुन्हा जाळायला तेलच निघालं.

आता दख्खनचा खडक. हा मुद्दा मला मनापासून आवडतो, कारण त्यात तथ्य आहे. आइसलंडमध्ये हेल्लिशेइदी या भूऔष्णिक वीज केंद्राजवळ पाण्यात विरघळवलेला वायू बेसॉल्टमध्ये, म्हणजे दख्खनसारख्याच काळ्या खडकात, सोडला, तेव्हा त्यातला ९५ टक्क्यांहून जास्त दोन वर्षांच्या आत दगड झाला. आपला बेसॉल्ट त्याच जातीचा आहे. पण टनभर वायूला तिथे सुमारे २५ टन पाणी लागतं. ५०० मेगावॉटचा संच वर्षाला अंदाजे ३० लाख टन वायू सोडतो, तो असा पुरायचा तर दोन टीएमसीहून जास्त पाणी हवं. बेसॉल्टवरच उभं असलेलं परळीचं केंद्र २०१३ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. तिथे हे पाणी कुठून आणायचं? पाण्याविना, नुसता दाबलेला वायू सोडण्याचा प्रयोग अमेरिकेत वॉलुला इथे झाला, पण तो होता जेमतेम हजार टनांचा.

आणि हेल्लिशेइदीला कोळसा जळत नाही. जमिनीतल्या वाफेबरोबर येणारा थोडासा वायू तिथे परत जमिनीत जातो. स्वच्छ विजेला कार्बन पकडण्याची जोड द्यायची ती अशी. आपल्याकडे तशी जागा सिमेंटची आहे. गडचांदूर, आवारपूरच्या भट्ट्यांत चुनखडी तापली की दगडातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो, इंधन कुठलंही वापरा. तिथे पकडण्यावाचून फारसा मार्ग नाही. विजेला मात्र सूर्य आणि वारा हे पर्याय आज उभे आहेत. या यंत्रांवर सरकारी पैसा घालायचाच असेल तर तो आधी त्या भट्ट्यांवर घाला, आणि ती यंत्रं सौरविजेवर चालवा.