ओपेथ २०११ मध्ये संपली, असं म्हणणाऱ्यांसाठी

मेटल, म्हणजे जड गिटारचं रॉक संगीत, ऐकणाऱ्यांमध्ये एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. त्याचा सारांश असा: स्टॉकहोमचा मेटल बँड ओपेथ २०११ चा ‘हेरिटेज’ हा अल्बम येईपर्यंत अस्सल होता. मग गायक मिकाएल ओकरफेल्टनं अचानक ग्राउल, म्हणजे घशातून गुरगुरत गाणं, सोडलं, कारण एक तर पैसा, नाहीतर बसलेला गळा. त्यानंतर नुसती सत्तरच्या दशकाची नक्कल केली आणि २०२४ मध्ये ग्राउल परत आणून चूक कबूल केली. यातलं जवळपास प्रत्येक वाक्य खोटं आहे, आणि ते खोटं ठरवायला बँडचे अल्बम पुरेसे आहेत.

‘अचानक’ या शब्दापासूनच सुरुवात करू. १९९६ च्या ‘मॉर्निंगराइज’मधलं शेवटचं गाणं, ‘टू बिड यू फेअरवेल’, काढून ऐका. जवळजवळ अकरा मिनिटांच्या त्या गाण्यात एकही ग्राउल नाही. बराच वेळ नुसती अकूस्टिक गिटार आणि हळू गाणारा मिकाएल. गिटारचा आवाज चढतो तो उत्तरार्धात. हा बँडचा दुसराच अल्बम. २००३ चा ‘डॅम्नेशन’ तर पूर्णपणे ग्राउलशिवाय, मेलोट्रॉन या जुन्या कीबोर्डच्या धुक्यात बुडालेला. २००८ च्या ‘वॉटरशेड’ची सुरुवातच होते ‘कॉइल’नं, आणि तिथे मिकाएलसोबत एक स्त्री गाते. त्याच अल्बममधलं ‘बर्डन’ संपताना काय होतं, ते माझ्या मते हेडफोन लावूनच ऐकावं. गिटार वाजत असते आणि वाजता वाजताच तिच्या तारा सैल केल्या जातात. सूर घसरतो, ओळखीची धून वेडीवाकडी होते, तरी वादन थांबत नाही. जो बँड २००८ मध्ये स्वतःच्या सर्वांत गोड गाण्याचा शेवट असा मोडून टाकतो, तो तीन वर्षांनी वेगळी वाट धरतो, यात अचानक ते काय?

आता पैसा. मला सर्वांत जास्त राग याच आरोपाचा येतो. ओपेथचा हक्काचा श्रोता होता मेटलचा, आणि रोडरनर ही त्यांची कंपनीही मेटलचीच. पैसाच हवा असता तर ‘ब्लॅकवॉटर पार्क’ या आपल्या जुन्या अल्बमच्या साच्यातले आणखी चार अल्बम काढले असते आणि सगळे खूश झाले असते. त्याऐवजी ‘हेरिटेज’ उघडतो दोन मिनिटांच्या एकट्या पियानोवर. त्या सुरावटीत स्वीडिश जॅझ पियानोवादक यान योहान्सनची छाया स्पष्ट दिसते. त्याच अल्बममधल्या ‘फॅमिन’मध्ये ब्यर्न जेसन लिंड या स्वीडिश वादकाची बासरी गिटारच्या जड रिफच्या (पुन्हा पुन्हा येणाऱ्या सुरावटीच्या) अंगावर धावून जाते. रेडिओवर वाजावं म्हणून कोणी असलं काही करत नाही. ज्यांच्या जिवावर पोट चालतं, त्यांनाच दुखावण्याची जोखीम होती ती.

गळा बसल्याची गोष्ट एका वाक्यात निकालात निघते: २०१७ मध्ये कोलोराडोतल्या रेड रॉक्सवर झालेल्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे, त्यात ‘डीमन ऑफ द फॉल’ आणि ‘डिलिव्हरन्स’ ही जुनी गाणी ग्राउलसकट आहेत.

नक्कलेच्या आरोपात थोडं तथ्य आहे. ‘हेरिटेज’नंतरचा ‘सॉर्सरेस’ हा अल्बम मला आजही विस्कळीत वाटतो, आणि काही ठिकाणी जुन्या बँडांचं ऋण इतकं उघड आहे की स्वतःचा आवाज दबतो. पण सत्तरच्या दशकाचं वेड २०११ मध्ये लागलेलं नाही. ‘ब्लॅकवॉटर पार्क’ हे नावच मुळात सत्तरच्या दशकातल्या एका विस्मृतीत गेलेल्या जर्मन बँडचं. म्हणजे ज्या अल्बमला हे लोक अस्सल मेटलचं शिखर मानतात, त्याच्या कपाळावरच ते वेड लिहिलेलं आहे. शिवाय २०१९ चा ‘इन काउडा व्हेनेनम’ आधी स्वीडिशमध्ये लिहिला गेला, मग त्याची इंग्रजी आवृत्ती झाली. दोन्ही ऐकून पाहा. स्वीडिशमध्ये मिकाएलचा आवाज जास्त मोकळा लागतो, शब्द सुरांवर सहज बसतात. ज्याला फक्त इंग्रज बँडांची नक्कल करायची आहे, तो स्वतःच्या भाषेकडे कशाला वळेल?

राहिली ‘चुकीची कबुली’. २०२४ चा अल्बम ‘द लास्ट विल अँड टेस्टामेंट’ ही पहिल्या महायुद्धानंतरच्या काळातल्या एका श्रीमंत घराण्याची गोष्ट आहे. कर्ता पुरुष गेलाय, मुलं जमलीत, मृत्युपत्र वाचलं जातंय. एक सोडून सगळ्या गाण्यांना नाव नाहीच, मृत्युपत्रातल्या परिच्छेदांसारखे नुसते क्रमांक आहेत. ग्राउल इथे मेलेल्या बापाच्या जरबेला शोभतं, म्हणून ते आहे. त्याच अल्बमवर सत्तरच्या दशकात गाजलेल्या जेथ्रो टल या इंग्रज रॉक बँडच्या इयान अँडरसनची बासरी आहे आणि निवेदनही त्याचंच. ‘हेरिटेज’ची वाट सोडायची असती तर बासरीवाल्या अँडरसनला बोलावलंच नसतं. आणि क्रमांकाऐवजी नाव मिळालेलं ते एकमेव गाणं, ‘अ स्टोरी नेव्हर टोल्ड’, अल्बमच्या शेवटी येतं आणि त्यात मिकाएल पहिल्यापासून शेवटपर्यंत साध्या आवाजात गातो.