गंजावर उतारा

ज्या लातूरला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या लातुरात गाडीच्या ब्रेकला गंज चढतो, हे आमच्या सासऱ्यांना काही केल्या पटेना. "जावईबापू, नळाला पाणी येईना अन् तुमच्या चाकाला बरं मिळालं!"

परतीचा पाऊस रात्रभर झोडपून गेला की सकाळी पुढच्या चाकांतल्या ब्रेकच्या डिस्क, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या चकत्या, भगव्या झालेल्या असतात. जुन्या गाड्यांचं बरं होतं. लोखंडी रिम, त्यावर प्लॅस्टिकचं कॅप, आत काय चाललंय ते फक्त फिटरला ठाऊक. आता अलॉय व्हीलच्या फटीतून गंज अख्ख्या गल्लीला दिसतो. गल्लीनं एकदा बघितलं की सल्ला आलाच.

एसटीतून रिटायर झालेले शेजारचे मामा म्हणाले, "काळा रंग मारा." ब्रेक दाबला की डिस्कला चिमटणारं पॅड जिथं घासतं तिथं रंग कसा टिकायचा, असं विचारलं तर म्हणे, "मग दोन हात मारा." समोरच्या किराणावाल्यानं लिंबू-मीठ सुचवलं. सासरे तर खोबरेलाची बाटली घेऊन चाकाशी उकिडवे बसलेच होते. बाटली हिसकावून घेतली म्हणून बरं. डिस्कला तेल लागलं तर ब्रेक लागत नाही, आणि ते पॅडमध्ये मुरलं तर पॅड फेकूनच द्यावं लागतं. पण जावयानं बाटली हिसकावली, ही बातमी तेवढी दुपारपर्यंत उदगीरच्या पाहुण्यांना पोचली.

शेवटी गॅरेज गाठलं. मिस्त्रीनं चाक खोललं, डिस्कवरून नख फिरवलं आणि माझ्याकडं बघत म्हणाला, "कशाला घाबरायलाव साहेब? ही बिडाची असती. धुऊन तसाच ठेवलेला बिडाचा तवा सकाळी लाल होतो का नाही? तसंच हे." वरवरचा गंज पॅडच खरडून काढतं. पहिल्या चार-दोन ब्रेकला खर्रर्र आवाज होतो, मग डिस्क आरशासारखी. कडेला आणि मधल्या टोपीवर गंज राहतो, त्याच्याशी ब्रेकचं काही देणंघेणं नाही. गाडी महिनोन् महिने एका जागी उभी राहिली, डिस्कला खड्डे पडले, ब्रेक दाबताना पायाला थरथर लागली, तर मात्र काम निघालं. तेव्हा जाडी मोजायची. कमीत कमी किती हवी तो आकडा बहुतेक डिस्कवरच कोरलेला असतो. त्याच्या खाली गेली की लेथवर घासून सपाट करण्यात अर्थ नाही, नवीच टाकायची. पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना काढून त्यानं ग्रीस लावलं आणि वर एक बजावलं, "ओल्या गाडीला रात्री हँडब्रेक ओढू नका, मागच्या चाकाला डिस्क नाही, ड्रम हाय; ब्रेकचं लायनर त्याला आतून चिकटतंय. गिअरमधी ठेवा अन् चाकाला वीट लावा."

"पण गंजाला औषध काय?"

"गाडी चालवा की!"

हे वाक्य त्यानं घरच्यांसमोर बोलायला नको होतं.

त्या दिवसापासून पाऊस पडला की आमच्या घरात डिस्कची काळजी सुरू होते. बायको खिडकीतून चाकाकडं बघून "चढलाय हो," म्हणते आणि डबे भरायला घेते. तुळजापूर झालं, औंढा नागनाथ झालं. सासरे पुढच्या सीटवर, प्रत्येक स्पीडब्रेकरला "दाबा, दाबा, चांगलं घासू द्या!" पेट्रोल शंभरीपार, त्यात गाडीत पाच माणसं आणि धपाट्यांची चळत. एवढ्या पैशात नव्या डिस्कची जोडी आली असती, असा माझा अंदाज आहे. तो मी घरात बोललेलो नाही.

सध्या उघडीप आहे आणि डिस्क लखलखतायत. काल चहा देता देता सासूबाईंनी हळूच विचारलं, "जावईबापू, चाकावर तांब्याभर पाणी मारू का? परळी राहिलीय."